गाडीतली स्क्रीन, फोन आणि नकाशा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात गाड्यांच्या म्युझिक सिस्टीम बसवतो, दुरुस्त करतो आणि नवी गाडी घेतलेल्यांना त्यांची स्क्रीन समजावून देतो. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, नारळ आणि फोटोंच्या गडबडीत स्क्रीनची ओळख पाच मिनिटांत उरकली जाते. मग महिनाभराने तीच गाडी माझ्याकडे येते आणि काका म्हणतात, "भाऊ, याचं काहीच समजून नाही राहिलं." गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडीच्या कंपनीप्रमाणे बटणांची नावं थोडी बदलतील, आतलं काम सगळीकडे जवळपास तेच असतं.

ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो, कारप्ले... एकच आहे ना हे सगळं?

नाही. हा फरक कळला तर माझ्याकडच्या निम्म्या चकरा वाचतील.

ब्लूटूथने फोनमधून गाडीत फक्त आवाज येतो. गाणी आणि कॉल स्पीकरवर ऐकू येतात, संपर्कांची यादी आणि कॉलची नोंद स्क्रीनवर दिसते, एवढंच. फोनमधला नकाशा फोनमध्येच राहतो.

अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले यांत डोकं फोनचं आणि चेहरा गाडीच्या स्क्रीनचा असतो. नकाशा फोनमध्ये चालतो, इंटरनेट फोनचं वापरलं जातं, दिसतं मात्र समोरच्या मोठ्या पडद्यावर. कारप्ले २०१४ मध्ये जाहीर झालं, अँड्रॉइड ऑटो २०१५ पासून वापरात आलं. त्याआधीच्या गाडीत ते सापडत नाही म्हणून सेटिंगमध्ये शोधत बसू नका. त्या गाडीला बाहेरून नवं युनिट, म्हणजे स्क्रीनसकट अख्खी नवी सिस्टीम, बसवावी लागते.

तिसरा प्रकार म्हणजे गाडीचा स्वतःचा नकाशा. तो गाडीच्या आत किंवा एका मेमरी कार्डावर साठवलेला असतो, त्याला फोन लागत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. कारप्लेतला नकाशा अडकला तर दोष बहुतेक वेळा फोनमध्ये असतो आणि लोक गाडीची स्क्रीन बदलायला निघतात. आधी फोन बंद करून चालू करा.

फोन पहिल्यांदा जोडायचा कसा?

गाडी उभी करा आणि हँडब्रेक लावा. बऱ्याच गाड्या धावत असताना नवा फोन जोडूच देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. स्क्रीनवर फोन किंवा ब्लूटूथ या चिन्हात जाऊन नवं उपकरण जोडण्याचा पर्याय दाबा. फोनचं ब्लूटूथ चालू करून यादीत गाडीचं नाव शोधा. दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला की होकार द्या.

त्यानंतर फोन विचारतो की संपर्क आणि कॉलची नोंद गाडीला द्यायची का. घाईत लोक इथे नकार देतात आणि मग "नावं दिसत नाहीत" म्हणून येतात. आयफोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं की संपर्क देण्याचं बटण पुन्हा चालू करता येतं. अँड्रॉइडमध्येही तिथेच, दातेरी चाकाच्या खुणेत मिळतं.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच असतं. त्यासाठी वेगळं ॲप शोधू नका.

केबल लावली, चार्जिंग होऊन राहिलं, पण स्क्रीनवर काहीच येत नाही.

केबल बदला. मला सर्वात जास्त वेळा द्यावं लागणारं उत्तर हेच आहे. स्वस्त केबलमध्ये चार्जिंगच्याच तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. फोनसोबत आलेली केबल किंवा चांगल्या दर्जाची आखूड केबल वापरा.

केबल चांगली असेल तर खाच तपासा. गाडीत दोन-तीन यूएसबी खाचा असतात आणि त्यातली बहुधा एकच स्क्रीनला जोडलेली असते. तिच्यावर फोनची किंवा यूएसबीची खूण असते. ज्या खाचेवर विजेची किंवा बॅटरीची खूण आहे ती फक्त चार्जिंगची. मागच्या सीटवरची खाच तर जवळपास नेहमीच चार्जिंगची असते.

दोन्ही ठीक असतील तर फोनची चार्जिंगची जागा बघा. खिशातला धागा आणि आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ मिळून तिथे घट्ट थर बसतो. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका.

काल व्यवस्थित जोडला होता, आज नाही होऊन राहिला.

फोनमधून गाडीचं नाव पुसा, गाडीतून फोनचं नाव पुसा आणि पहिल्यापासून जोडा. एकाच बाजूने पुसून उपयोग होत नाही, दुसरी बाजू जुनीच ओळख धरून बसते. फोनचं सॉफ्टवेअर नुकतंच अपडेट झालं असेल तर हा त्रास हमखास होतो.

बिनतारी अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर फोनचं वाय-फायही चालू लागतं. ओळख ब्लूटूथने होते, पण चित्र वाय-फायवरून जातं. बॅटरी वाचवण्याचा मोड किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारं ॲप) चालू असेल तर जोडणी अर्ध्यावर तुटते.

घरात दोन फोन, गाडी एक. यांचा कॉल माझ्या गाडीत वाजतो!

प्रताप नगरच्या एका ताईंनी अगदी वैतागून हे सांगितलं होतं. त्या ऑफिसला निघायला गाडी सुरू करायच्या आणि घरात चहा घेत बसलेल्या दादांचा फोन अंगणातल्या गाडीला जाऊन मिळायचा. दादा इकडे "हॅलो, हॅलो" करत राहायचे आणि साहेबांचा आवाज गाडीत. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर असतो. घराच्या पुढच्या खोलीपासून गेटपर्यंत तो सहज पोहोचतो.

जोडलेल्या फोनच्या यादीत प्राधान्य ठरवण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते. जो रोज गाडी चालवतो त्याचा फोन पहिला ठेवा. दुसऱ्याच्या फोनमध्ये आपोआप जोडणी बंद करून ठेवा, म्हणजे त्याची पाळी आली की तो स्वतः जोडेल. काही युनिटमध्ये एक फोन कॉलसाठी आणि दुसरा गाण्यांसाठी असं एकाच वेळी चालतं. पाहुण्यांचे, भाच्यांचे, ड्रायव्हरचे जुने फोन यादीतून काढत राहा. यादी भरली की अनेक युनिट नवा फोन घेत नाहीत आणि का घेत नाही तेही सांगत नाहीत.

मला समोरच्याचं छान ऐकू येतं, पण त्याला माझं नाही.

मार्च ते जून या काळात ही तक्रार घेऊन येणारी गाडी मी एसी बघूनच तपासतो. गाडीचा माइक बहुधा छतावरच्या दिव्यापाशी किंवा आरशाच्या वर असतो. उन्हाळ्यात आपण एसीचा ब्लोअर पूर्ण सोडतो आणि जाळ्या वरच्या दिशेला वळवतो. ती हवा थेट माइकवर आदळते आणि पलीकडच्या माणसाला वादळात उभं राहून बोलल्यासारखं ऐकू येतं. कॉल आला की ब्लोअर दोन घर खाली आणा आणि मधल्या जाळ्या छातीकडे वळवा. दहातल्या सात गाड्या इथेच बऱ्या होतात.

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तुमच्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आहे. कॉलचा आवाज कमी करा. गाण्याचा आणि कॉलचा आवाज वेगवेगळा साठवला जातो, म्हणून कॉल चालू असतानाच तो कमी करावा लागतो. सीट कव्हर किंवा छताचं कापड बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर माइकचं भोक झाकलं गेलंय का बघा.

आणखी एक. कॉल गाडीत लागला की तो सगळ्यांचा होतो. दवाखान्यातून, बँकेतून फोन आला आणि मागे पाहुणे बसले असतील तर "गाडीत आहे, थांबून लावतो" एवढं सांगून ठेवून द्या.

नावांच्या जागी चौकोन का दिसतात?

तुम्ही संपर्क देवनागरीत साठवले आहेत आणि गाडीच्या युनिटमध्ये देवनागरी अक्षरांचा संच नाही. फोनमध्ये "आई" लिहिलेलं असतं आणि गाडी दोन चौकोन दाखवते. युनिटचं सॉफ्टवेअर अपडेट झालं तर कधीकधी हे सुटतं. नाहीतर सोपा उपाय म्हणजे रोज लागणारे आठ-दहा नंबर रोमन लिपीत साठवणं. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोमध्ये अक्षरं फोनची असतात, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसतं.

आवाजी आज्ञेने फोन लावताना मात्र नाव साधं आणि वेगळं हवं. "प्रकाश भाऊ गॅसवाले नवीन नंबर" असं साठवलेलं नाव कोणतंही यंत्र पकडणार नाही.

हँड्स-फ्रीवर, म्हणजे फोन हातात न धरता, बोललं तर चालतं का? पोलिस पावती फाडतील का?

हातात फोन धरून चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

कायदा झाला. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ताशी ६० च्या वेगात गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. गाणं बदलायला स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं की दोन सेकंद गेले. मेडिकल चौकातून जाताना त्या ३३ मीटरमध्ये ऑटो, सायकल आणि रुग्णाचा डबा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, असं सगळं असतं. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी उभी असतानाच स्टिअरिंगवरची बटणं डोळे मिटून शोधायला लावतो. आवाज कमी-जास्त, पुढचं गाणं, कॉल घेणं, कॉल ठेवणं आणि आवाजी आज्ञा, ही पाच बटणं अंगठ्याला पाठ झाली पाहिजेत. बाकी सगळं चाक फिरण्याआधी करून घ्या.

हँड्स-फ्रीवरही भांडण, हिशेब, सौदा करू नका. हात मोकळे असले तरी डोकं अडकलेलं असतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज स्क्रीनवर येतात. बंद करता येतील?

येतील. आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस लावा, अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये मेसेजची सूचना बंद करा. करूनच टाका.

"बर्डी" म्हटलं तर नकाशाला समजत नाही. आणि तो "बुल्डी, बुल्डी" काय म्हणतो?

आपण म्हणतो सीताबर्डी, किंवा नुसतं बर्डी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र ब्रिटिशांच्या काळापासून "बुल्डी" लिहिलं जातं आणि नकाशाची बाई ते स्पेलिंग वाचते. कामठीचंही तसंच, स्पेलिंग वाचलं तर "काम्प्टी" होतं. सवय नसलेला माणूस गोंधळतो. एका गिऱ्हाइकाचे पुण्याहून आलेले जावई "बुल्डी" शोधत झिरो माइलपाशी दोन फेऱ्या मारून आले होते.

बोलून शोधताना पूर्ण नाव आणि जवळची ठळक खूण सांगा. नुसतं "बर्डी" म्हणण्यापेक्षा "सीताबर्डी मेट्रो स्टेशन" म्हटलेलं बरं. फोनची आणि मॅप्सची भाषा मराठी केली तर ठिकाणांची नावं देवनागरीत दिसतात आणि ज्येष्ठांना ते फार सोयीचं पडतं.

डबल डेकर पुलाजवळ नकाशा वेड्यासारखा का वागतो?

हा खास आपल्या शहराचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वर्धा रोडवर अजनी ते विमानतळाच्या बाजूला ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल २०२० मध्ये सुरू झाला. खाली जुना रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कामठी रोडवर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा ५.६ किलोमीटरचा तसाच पूल खुला झाला. तिथे गड्डीगोदामला तर रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत.

तुमचा फोन किंवा गाडी उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून जागा काढते. त्यासाठी एका वेळी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. जमिनीवरची जागा चार-पाच मीटरच्या फरकाने कळते, पण उंचीचा अंदाज त्याहून बराच कच्चा असतो. नकाशात वरचा आणि खालचा रस्ता एकाच रेषेवर आहे. मग तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे यंत्राला ठामपणे कळत नाही. त्यात खालच्या रस्त्यावर डोक्यावर काँक्रीटचं छत असतं. उपग्रहाचा संदेश अडतो, खांबांवरून परावर्तित होऊन येतो आणि तुमचा निळा बाण बाजूच्या गल्लीत उडी मारतो. तुम्ही सरळ चालला असता ती बाई म्हणते, "डावीकडे वळा."

यावर माझा नियम असा. निघण्याआधीच ठरवा की वरून जायचं की खालून. छत्रपती चौकात किंवा मधल्या एखाद्या वस्तीत उतरायचं असेल तर खालूनच. थेट विमानतळ, मिहान, बुटीबोरीकडे जायचं असेल तर वरून. पुलाच्या तोंडाशी नकाशा काय म्हणतो याकडे लक्ष देऊ नका, वरचा हिरवा-निळा फलक वाचा. जुलै २०२४ मध्ये गुगलने भारतातल्या ४० शहरांत उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देण्याची सोय जाहीर केली. ती ऐकू आली तर मदतच होते, तरी शेवटचा शब्द फलकाचा.

चुकून वर चढलात तर चढलात. दोन-तीन किलोमीटर जास्त पडतील, उतरून परत या. पुलाच्या तोंडाशी करकचून ब्रेक लावून रिव्हर्स घेणारी गाडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, मागून शहर बस येत होती. त्या दिवशी काही झालं नाही, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

लेआउटमधला पत्ता टाकला की भलत्याच ठिकाणी नेतो.

मनीष नगर, बेसा, हुडकेश्वर, नरसाळा या भागांत एकामागून एक लेआउट पडले. प्लॉट नंबर ओळीने असतीलच असं नाही, आणि एकाच नावाच्या दोन-दोन सोसायट्या भेटतात. "गणेश नगर" किंवा "शिवाजी नगर" टाकलं तर यंत्र दुसऱ्याच गावातलंही उचलू शकतं, म्हणून यादीतलं अंतर आधी बघा. जायचं चार किलोमीटरवर आणि यंत्र सातशे दाखवतंय, म्हणजे ते पुण्याच्या शिवाजी नगरला निघालं आहे.

ज्यांच्याकडे जायचं त्यांनाच लोकेशन पाठवायला सांगा. ते फोनवर उघडा, मग फोन गाडीला जोडा, रस्ता स्क्रीनवर येतो. लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाचा क्यूआर कोड असेल तर घरूनच स्कॅन करून निघा. गुगल मॅप्समध्ये प्रत्येक जागेला एक छोटा प्लस कोड असतो. वयस्कर मंडळींच्या घराचा तो कोड कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, ॲम्ब्युलन्सला किंवा औषध आणणाऱ्याला सांगायला उपयोगी पडतो.

मिरवणूक, अधिवेशन, दीक्षाभूमीची गर्दी... नकाशाला हे कळतं का?

थोडंफार, आणि उशिरा. नकाशा गर्दी ओळखतो ती रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून. रस्ता नुकताच बंद केला असेल तर त्याला तो मोकळा वाटतो, कारण तिथे हळू चालणारी गाडीच नसते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महाल भागात गाडी घालू नका, नकाशा कितीही हिरवा दाखवो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लाखोंच्या संख्येने लोक पायी चालत असतात. त्या दिवशी गाडी लांब लावून मेट्रोने किंवा पायी जाणंच शहाणपणाचं, आणि त्या माणसांना वाट देणं हेही आपलं काम. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्सच्या बाजूला बॅरिकेड लागतात. वाहतूक पोलिस बंद रस्त्यांची सूचना आदल्या दिवशी वर्तमानपत्रात देतात. ती वाचून निघा.

पेंच, ताडोबाला जाताना नकाशा मध्येच गोठतो.

नेटवर्क गेलं. जंगलाच्या पट्ट्यात असं होणारच. उपग्रहाचा संदेश तिथेही येत असतो, फक्त नकाशाचं चित्र इंटरनेटवरून यायचं थांबतं. म्हणून घरच्या वाय-फायवर आधीच तो भाग फोनमध्ये उतरवून ठेवा. गुगल मॅप्समध्ये तुमच्या चित्रावर बोट ठेवलं की ऑफलाइन मॅप्सचा पर्याय दिसतो. चौकट मोठी करून नागपूर, सिवनी, चंद्रपूर एकत्र घ्या. ऑफलाइनमध्ये गर्दीची माहिती मिळत नाही, रस्ता मात्र दिसतो. गाणीही उतरवून घ्या.

जंगलातल्या रस्त्यावर आवाज कमी ठेवा. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचमध्ये जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा केल्या आहेत, तरी आतल्या गावरस्त्यांवर चितळ, रानडुक्कर केव्हाही आडवं येतं.

गाडीतल्या नकाशात समृद्धी महामार्गच नाही!

कारण तुमचा नकाशा जुना आहे. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला आणि मुंबईकडचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्याआधीच्या मेमरी कार्डाला हा रस्ता शेत वाटतो. तुम्ही १०० च्या वेगात चालले असता आणि स्क्रीनवर बाण कपाशीच्या वावरातून जातो. उलटंही होतं. छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल मेट्रोसाठी २०१६ मध्ये पाडला, पण जुन्या कार्डांत तो अजून उभा आहे.

कार्ड अपडेट करायचं असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. काही कंपन्या ठरावीक वर्षं फुकट देतात, नंतर पैसे लागतात. फोन जोडता येत असेल तर माझ्या मते पैसे घालू नका, फोनचा नकाशा वापरा.

समृद्धीवर जाण्याआधी स्क्रीनवर काय काय करून ठेवू?

रस्ता लावा, गाणी लावा, घरी फोन करून सांगा आणि मगच शिवमडक्याहून चढा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सरळ आणि एकसुरी आहे. कारसाठी १२० ची मर्यादा आहे आणि त्या वेगात गाडी दोन सेकंदांत जवळपास ६७ मीटर जाते.

कुठल्या इंटरचेंजला उतरायचं ते नाव निघण्याआधी पाठ करा. चुकलं तर पुढचं बाहेर पडण्याचं ठिकाण बरंच दूर असतं. तरीही पुढेच जा, थांबून मागे येऊ नका. नकाशाच्या सूचनेचा आवाज गाण्यापेक्षा मोठा ठेवा. सूचना बोलली जात असतानाच आवाजाचं बटण फिरवलं की तो वेगळा वाढतो.

मला एक काळजी वाटते ती संथ गाण्यांची. जेवण झालेलं, एसी गार, सरळ रस्ता आणि कानावर मंद सूर, मग डोळा लागायला किती वेळ? सोबतच्या माणसाला बोलत ठेवा. झोप आवाज वाढवून जात नाही, गाडी विसाव्याच्या जागी लावून वीस मिनिटं डोळे मिटल्यावरच जाते.

पेनड्राइव्ह चालत नाही.

तो फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा आणि गाणी एमपी३ मध्ये ठेवा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा. हजारो गाणी एकाच फोल्डरमध्ये टाकली की युनिट वाचायलाच वेळ लावतं. भजन, अभंग, जुनी गाणी, मुलांची गाणी असे वेगळे फोल्डर केले की स्टिअरिंगवरच्या बटणाने पोहोचता येतं.

नव्या गाडीत आकाशवाणी लागत नाही.

माझ्या वडिलांना हा प्रश्न पडला होता. आकाशवाणी नागपूरची मध्यम लहर, ५८५ किलोहर्ट्झ, त्यांच्या पिढीला पाठ आहे. पण बऱ्याच नव्या युनिटमध्ये फक्त एफएम असतं. इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटरच्या यंत्रणेमुळे मध्यम लहरीवर खरखर येते, म्हणून काही कंपन्या ती देतच नाहीत. आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर देशभरातली केंद्रं थेट ऐकता येतात. ते फोनवर लावून ब्लूटूथने गाडीत ऐका. वडील आता तसंच ऐकतात.

मागे मुलं झोपलीत, आवाज पुढेच ठेवता येईल?

येईल. साउंड सेटिंगमध्ये फेडर पुढे सरकवा. डावं-उजवं करायला बॅलन्स असतो. बास पूर्ण वाढवून दारं थरथरवू नका, कंपनीचे स्पीकर त्यासाठी बनलेले नसतात आणि त्यांच्यातला कागदी पडदा फाटला की मग सगळंच फाटकं ऐकू येतं. काचा बंद असताना मागचा ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला पाहिजे. आवाजाची माझी मोजपट्टी तीच. मेयो आणि मेडिकल या सरकारी दवाखान्यांच्या रस्त्यांवर मी स्वतः तो आणखी खाली आणतो.

उन्हाळ्यात स्क्रीन आणि फोन तापतात. काय करू?

नवतपात आपल्याकडे सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. ॲपलने आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतची आणि बंद ठेवायला ४५ अंशांपर्यंतची मर्यादा दिली आहे. म्हणजे मे महिन्यात फोन गाडीत विसरणं त्याच्या बॅटरीच्या जिवावर उठणं आहे. डॅशबोर्डवर काचेखाली तर ठेवूच नका.

बिनतारी कारप्ले, त्यात नकाशा आणि त्यात बिनतारी चार्जिंग, असं तिन्ही एकदम चाललं की फोन तापून चार्जिंग थांबवतो किंवा पडदा मंद करतो. उन्हाळ्यात केबल लावा आणि फोन एसीच्या जाळीसमोर ठेवा. तापलेली टचस्क्रीन बोटाला उशिरा प्रतिसाद देते किंवा काळी पडते. ती बिघडली असं समजू नका. आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा, दहा मिनिटं थांबा. उभ्या गाडीला समोरून सनशेड लावा. स्क्रीनवर चिकटवलेली हलक्या दर्जाची फिल्म उन्हात फुगते आणि मग स्पर्श लागत नाही.

स्क्रीन पुसायला मऊ कोरडं कापड घ्या. काच पुसायचं रसायन थेट फवारू नका, कडेतून आत उतरतं.

इंजिन बंद करून गाणी ऐकली तर बॅटरी उतरते का?

उतरते. फुटाळा तलावावर बसून तासभर गाणी ऐकणारे आणि मग धक्का मारायला माणसं शोधणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. बाहेरून मोठा ॲम्प्लिफायर बसवलेला असेल तर त्याहूनही कमी.

स्क्रीन अडकली, काहीच दाबलं जात नाही.

गाडी बाजूला घ्या. बहुतेक युनिटमध्ये चालू-बंदचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की ते नव्याने सुरू होतं. नाही झालं तर गाडी बंद करा, दार उघडून बंद करा, पाच मिनिटं थांबा. बॅटरीची तार काढण्याचा उपाय घरी करू नका. वारंवार अडकत असेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. अपडेट चालू असताना गाडी बंद केली तर युनिट कायमचं मरू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

गाडी विकतो आहे. स्क्रीनचं काही करावं लागतं का?

हो, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी प्रत्येकाला सांगतो. गाडीत तुमचे संपर्क, कॉलची नोंद, घराचा आणि ऑफिसचा पत्ता, अलीकडे गेलेली ठिकाणं साठवलेली असतात. एका जुन्या गाडीचं युनिट मी उघडलं तेव्हा आधीच्या मालकाच्या मुलीच्या शिकवणीचा पत्ता, रोजच्या वेळेसकट, त्यात दिसत होता. मी तो लगेच पुसला, पण ती गाडी माझ्याआधी तीन हातांतून गेली होती.

चावी देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा. तुमच्या फोनमधूनही ती गाडी काढा. गाडी कुठे आहे हे दाखवणारं कंपनीचं ॲप असेल तर त्यातून मालकी सोडल्याची नोंद करा, नाहीतर विकलेली गाडी तुम्हाला दिसत राहते आणि नव्या मालकाला पत्ताही नसतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही पहिल्याच दिवशी हेच सगळं करावं. भाड्याच्या गाडीला फोन जोडताना संपर्क देऊ नका, आणि गाडी परत करताना यादीतून आपला फोन काढा.